मोबाइलवरची साखर किती वाजताची?

मधुमेहाच्या रुग्णांच्या दंडावर हल्ली नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली दिसते. माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी ती क्वचितच दिसे. आता सिडको, गारखेडा, उस्मानपुरा अशा सर्व भागांतून येणाऱ्या रुग्णांच्या दंडावर ती असते. तिच्यामुळे दिवसातून चार वेळा बोट टोचावे लागत नाही. साखरेचा आकडा मोबाइलवर दिसतो, आणि तोच आकडा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला किंवा अमेरिकेतल्या मुलीलाही दिसतो. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु मोबाइलवर दिसणारी साखर नेमकी किती वाजताची, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. या प्रश्नाच्या उत्तरावर प्रसंगी जीव अवलंबून असतो, म्हणून आज त्याविषयी.

चकती काय मोजते?

या चकतीला सेन्सर म्हणतात. तिच्या खालच्या बाजूस केसासारखा बारीक, लवचिक धागा असतो आणि तो त्वचेखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर जातो. पुष्कळांचा समज असा की तो रक्तवाहिनीत जातो. तसे नाही. पेशींच्या भोवती जो द्रव असतो, त्यातील साखर हा धागा दर एक ते पाच मिनिटांनी मोजतो. साखर आधी रक्तात बदलते आणि मग या द्रवात. या दोहोंत साधारण पाच ते पंधरा मिनिटांचे अंतर राहते. जायकवाडीला पंप सुरू झाला म्हणून त्याच क्षणी आपल्या नळाला पाणी येत नाही, तसेच हे.

साखर स्थिर असते तेव्हा या अंतराने काही बिघडत नाही. मात्र इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला, किंवा सकाळी नेहमीपेक्षा जास्त चालणे झाले, तर साखर झपाट्याने उतरते. अशा वेळी रक्तातील साखर ६० वर आलेली असताना मोबाइल ८५ दाखवू शकतो. म्हणून आकड्याशेजारच्या बाणाकडेही पाहावे. बाण सरळ खाली असेल तर ८५ हा आकडासुद्धा सावध होण्याचा आहे.

आकड्याचा प्रवास

चकतीतला आकडा आधी ब्लूटूथने रुग्णाच्या मोबाइलवर येतो. मोबाइलमधील अ‍ॅप तो इंटरनेटवरून सर्व्हरकडे, म्हणजे दूर कुठेतरी अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकाकडे पाठवते. तिथून तो मुलाच्या मोबाइलवर उतरतो. सर्व सुरळीत असेल तर हे काही सेकंदांत होते. म्हणूनच त्याला ‘रिअल टाइम’ म्हणतात.

या साखळीची सुरुवात एका बापाच्या काळजीतून झाली, हे वाचकांना ठाऊक नसेल. अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळालेल्या पहिल्या सेन्सरचे आकडे रुग्णाला दिसतच नसत. काही दिवसांनी डॉक्टर ते उतरवून घेत. पुढे आकडे रुग्णाला दिसू लागले, पण ते त्याच्या खिशातल्या छोट्या यंत्रापुरतेच. न्यूयॉर्क राज्यातील जॉन कॉस्टिक या संगणक अभियंत्याच्या लहान मुलाला टाइप १ मधुमेह होता. मूल घराबाहेर असताना त्याची साखर समजावी म्हणून त्यांनी २०१३ मध्ये स्वतःच त्या यंत्रातील आकडे इंटरनेटवर पाठवण्याची सोय केली. इतर पालकांनी ती उचलून धरली आणि तिच्यातून ‘नाइटस्काउट’ ही मोफत व्यवस्था उभी राहिली. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका कंपनीच्या अशाच सोयीला मान्यता दिली. आज आपल्याकडे जे वापरले जाते, ते याच वाटेने आलेले आहे.

साखळी तुटते तेव्हा

अलीकडचेच एक उदाहरण सांगतो. इन्सुलिनवर असलेले सत्तरीच्या जवळ आलेले एक गृहस्थ दुपारी पलंगावर पडले होते. मोबाइल चार्जिंगला पुढच्या खोलीत. काकूंनी पाहिले तो त्यांना दरदरून घाम फुटलेला, बोलणे असंबद्ध. त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला. मुलाने त्याचा मोबाइल पाहून सांगितले, “आई, घाबरू नकोस, बाबांची शुगर एकशे अठरा आहे. उन्हाने होत असेल.” काकूंचे मन मानेना. त्यांनी कपाटातला जुना ग्लुकोमीटर काढून बोटातले रक्त तपासले. साखर होती ५१. त्यांनी लगेच साखरेचे पाणी पाजले आणि तासाभराने दोघे माझ्याकडे आले. मुलाने पाहिलेला आकडा खोटा नव्हता, पण तो सदतीस मिनिटांपूर्वीचा होता. वेळ आकड्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेली होती.

असे का घडते? ब्लूटूथचा पल्ला साधारण वीस ते तीस फुटांचा, आणि मध्ये भिंती आल्या की तो आणखी कमी होतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहिला की पहिली कडी तुटते. वीज गेली की राऊटर बंद पडतो, किंवा डेटा संपतो, आणि दुसरी कडी तुटते. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे मोबाइल स्वतःच अ‍ॅप झोपवून टाकतो. सूचना बंद केलेल्या असतील तर आकडा येतो, पण अलार्म वाजत नाही. जोडणी परत आली की मधल्या काळातील आकडे पुष्कळदा भरून येतात आणि आलेख अखंड दिसतो. त्या मधल्या काळात मात्र दूरचा माणूस आंधळाच असतो.

आपल्या शहराला हा धडा नवा नाही. २०२० मध्ये, शहराचे नाव औरंगाबाद असताना, कोरोनाच्या साथीत महापालिकेने ‘एमएचएमएच’ नावाचे अ‍ॅप काढले होते आणि रिकाम्या खाटांची माहिती लोक मोबाइलवर पाहत. खाट भरली की ती नोंद कोणीतरी हाताने करायची असते. नोंद होईपर्यंत पडद्यावर खाट रिकामीच दिसणार, हे उघड आहे. लसीकरणाच्या ‘कोविन’ची रंगीत तालीम २ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्या जालन्यासह राज्यातील चार जिल्ह्यांत झाली. तरीही १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाल्यावर त्यातील तांत्रिक अडचणींमुळे राज्यात दोन दिवस लसीकरण थांबवावे लागले. यंत्रणा उपयोगी होती. पण ती अडेल तेव्हा काय करायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. घरातही तसेच.

साखर कमी झाल्याची लक्षणे

साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजावी आणि ५४ च्या खाली गेली की धोक्याची. घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे, झापड ही तिची लक्षणे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या चालू असतील तर धडधड व कंप जाणवत नाहीत. घाम मात्र येतो. म्हणून अशा रुग्णाला दरदरून घाम आला तर प्रथम साखरेची शंका घ्यावी. साखर ठीक निघाली, तर तो घाम हृदयविकाराचाही असू शकतो. तेव्हा विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

वाचकांनी हे लक्षात ठेवावे

१. आधी आकड्याखालची वेळ वाचावी, मग आकडा. वेळ पंधरा मिनिटांहून जुनी असेल तर तो आकडा नाहीच असे समजावे.

२. आकडा आणि लक्षणे यांचा मेळ बसत नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवावा व बोटातील रक्त तपासावे. सेन्सर लावला म्हणून ग्लुकोमीटर टाकून देऊ नये. त्याच्या पट्ट्यांची मुदत पाहून ठेवावी.

३. तपासणी शक्य नसेल तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटातून तपासावे. या वेळी सेन्सर मागे राहतो. त्याचा कमी आकडा पाहून खात राहिल्यास पुढे साखर तीनशेवर जाते.

४. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

५. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

६. सेन्सरच्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे रात्री खोटा कमी आकडा येतो. पहिल्या दिवशीचे आकडेही तितकेसे भरवशाचे नसतात. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही सेन्सर चुकीचा जास्त आकडा दाखवतात.

७. मोबाइल रुग्णाच्या उशाशी असावा आणि या अ‍ॅपपुरती बॅटरी बचत बंद ठेवावी. दूरच्या मुलांनी आकडा सांगण्याआधी आई-वडिलांना एकच विचारावे: “आता कसे वाटते आहे?”

सेन्सर ज्यांना परवडतो आणि ज्यांची साखर वारंवार वरखाली होते, त्यांनी तो डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य वापरावा. दूर राहणाऱ्या मुलांना त्याने मोठा आधार मिळतो. मात्र पुण्यातल्या मुलाला आकडा दिसतो, वडिलांच्या कपाळावरचा घाम दिसत नाही. तो जवळच्या माणसालाच पाहावा लागतो.