भर उन्हाळ्यात बेडूक कोठे असतात?

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की त्याच रात्री बांधाकडून बेडकांचा आवाज ऐकू येऊ लागतो. आदल्या दिवसापर्यंत ज्या रानात औषधालाही ओल नव्हती, तेथे हे शेकडो प्राणी एका रात्रीत आले कोठून, असा प्रश्न अनेक शेतकरी बंधूंस पडला असेल. ते पावसाबरोबर आभाळातून पडतात, ही समजूत अद्यापि काही ठिकाणी ऐकावयास मिळते. वस्तुस्थिती अशी की, यांपैकी बरेचसे बेडूक आपल्याच शेतात, ढेकळांच्या खाली, गेला पावसाळा संपल्यापासून निजून होते.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाखालची व मांड्यांजवळची कातडी अतिशय पातळ असून तिच्यातून तो ओल्या जमिनीतील पाणी शोषून घेतो. परंतु ज्या वाटेने पाणी आत येते, त्याच वाटेने ते बाहेरही जाते. वैशाखाच्या उन्हात उघड्यावर राहिलेला बेडूक थोड्याच वेळात सुकून मरतो. तेव्हा कोरड्या मुलखात राहावयाचे तर उन्हापासून दूर जाणे हाच त्याच्यापुढील पहिला उपाय होय.

आपल्याकडे हे काम उत्तम रीतीने करणारा एक बेडूक आहे. अंगाने गुबगुबीत, आखूड तोंडाचा, मातकट रंगाचा, जेमतेम दोन इंच लांबीचा. शास्त्रज्ञ त्याच्या जातीस स्फिरोथेका म्हणतात. त्याचा मागचा पाय हातात धरून पाहिल्यास टाचेजवळ एक कठीण उंचवटा दिसेल. ते त्याचे फावडे. या फावड्याने तो माती दोन्ही बाजूंस सारीत पाठमोरा खाली उतरतो. वरची माती डोक्यावर ढासळून भोक आपोआप बुजते, त्यामुळे तो कोठे शिरला हे वरून ओळखू येत नाही.

आत गेल्यावर तो हालचाल थांबवितो, श्वास मंदावतो आणि अंगात साठविलेल्या चरबीवर अत्यंत काटकसरीने दिवस काढतो. पाण्याचा साठा मूत्राशयात असतो. आपण जे टाकून देतो ते पाणी तो जपून ठेवतो व गरजेप्रमाणे पुन्हा रक्तात ओढून घेतो. अमेरिकेच्या वाळवंटातील बेडकांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. जमिनीखाली असताना त्यांच्या अंगात युरिया साचू देण्यात येतो, म्हणजे शरीरातील द्रव अधिक तीव्र होतो. कैरीच्या फोडींना मीठ लावले असता फोडींतील पाणी मिठाकडे ओढले जाते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्याच न्यायाने मातीतील उरलीसुरली ओल बेडकाच्या अंगाकडे येते. पिकाला वापरावयाचे खत येथे असे उपयोगी पडावे, ही गंमतच म्हणावयाची! मात्र माती फारच कोरडी झाली की ही ओढ निष्फळ ठरते.

ऑस्ट्रेलियातील एका बेडकाने त्यावरही तोड काढली आहे. कातडीचे सुटलेले पापुद्रे तो टाकून देत नाही. एकावर एक चिकटून त्यांची पिशवी तयार होते व पाणी आतच राहते. नाकपुड्या तेवढ्या उघड्या असतात. या बेडकाच्या मूत्राशयात इतके पाणी असते की तेथील मूळ रहिवासी तहान लागल्यास त्याला उकरून काढीत व दाबून पाणी पीत.

पाऊस आल्यावर मात्र सारी घाई असते. अंडी पाण्यातच घालावी लागतात, आणि शेपटीच्या पिल्लांना पाय फुटेपर्यंत डबके टिकावे लागते. अमेरिकेच्या वाळवंटातील एका जातीची पिल्ले अनुकूल स्थितीत आठ-दहा दिवसांत बाहेर पडतात. आपल्याकडील बहुतेक जातींना यासाठी काही आठवडे हवेत. पेरणीनंतर पावसाने दीर्घ खंड दिला तर रोपांबरोबर हीही पिढी वाळून जाते.

याची फिकीर शेतकऱ्याने का करावी? बेडूक रात्रभर किडे वेचतो. जमिनीत राहणाऱ्या फुगीर अंगाच्या काही जाती तर मुख्यतः वाळवी व मुंग्यांवरच जगतात. एके काळी तंगड्यांसाठी मोठे बेडूक लाखोंनी पकडून परदेशी पाठविले जात. ही निर्यात केंद्र सरकारने १९८७ साली बंद केली. आता त्यांना धोका आहे तो मुख्यतः शेतातूनच. खोल नांगरटीत निजलेला बेडूक फाळाखाली तरी सापडतो, नाही तर उन्हात उघडा पडतो. असा बेडूक दिसल्यास त्यास सावलीतील भुसभुशीत, शक्य तर ओलसर मातीत ठेवून वर हलकी माती लोटावी. पुढचे तो स्वतःच पाहून घेतो. बांधाकडेची हातभर पट्टी न उकरता राखावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष पुरवावे. फवारणी संपल्यावर पंप जवळच्या डबक्यात बुडवून धुण्याची सवय अनेक गावांत आहे. नेमक्या त्याच दिवसांत त्या उथळ पाण्यात बेडकांची पिल्ले वाढत असतात, व औषधाचा अल्प अंशही त्यांच्या पातळ कातडीतून आत शिरतो. पंप धुतलेले पाणी डबके, नाला व विहीर यांपासून दूर, पडीक जागी ओतावयास सांगावे, आणि पहिल्या फवारणीच्या वेळी स्वतः उभे राहून ते करवून घ्यावे.