तिथीची पाऊणपट

श्रीरामपूरच्या माणसाने समुद्रकाठच्या मासेमारीवर लिहायचे म्हणजे वाळवंटातल्याने होडी विकायला काढण्यासारखेच आहे, असे आमची सौ. म्हणाली. तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आमच्याकडचे पाणी पाटाचे. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी आमच्या भागाचा कायापालट केला. पण ते पाणी ठरल्या आवर्तनाने येते. तारीख कळली की शेतकरी निर्धास्त! खारटपणाशी आमची ओळख म्हणाल, तर पाणी अती झालेल्या उसाच्या रानात वर येणाऱ्या पांढऱ्या थराइतकीच.

माझी मुलगी अलिबागशेजारच्या आक्षीला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी हिवाळ्यात महिनाभर तिच्याकडे जाऊ लागलो आणि तिथे मला मासे धरण्याचा नाद लागला. नाद कसला, दुसऱ्याने धरलेले पाहण्याचा!

तिथली पुळण पाहण्यासारखी आहे. काळसर वाळू, उतार इतका थोडा, की ओहोटीला पाणी पार लांब जाते आणि मागे ओले, सपाट मैदान उरते. थंडीत त्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. शेजारचे म्हातारे नाखवा पहाटे तिथे पाग घेऊन जात. पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात. अर्धे जाळे खांद्यावर, काठाचा एक पदर दातांत, आणि माणूस पोटरीभर पाण्यात बगळ्यासारखा उभा. भरतीचे पहिले पाणी पुळणीवर चढू लागले, की त्याच्याबरोबर बोय गाळातले शेवाळ खायला येते. पाण्यावर बारीकशी थरथर दिसली, की कमरेला हिसका द्यायचा आणि जाळे ताटासारखे उघडून खाली पडायचे.

पण हे सारे हवा साधली तर. रात्री आभाळ मोकळे, गारठा चांगला, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, म्हणजे काठचे पाणी काचेसारखे निवांत. आभाळ आले, वारा फिरला, की पाणी खवळते, गढूळ होते, आणि ती थरथर लाटांत हरवते. मग नाखवा घरी बसून जाळे शिवत.

भरतीचे गणित मात्र त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवले होते. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती पुरी. पंचांग आणि पाढा, एवढ्यावर समुद्र कळतो म्हटल्यावर मास्तराच्या जातीला आणखी काय हवे? मला ते पाटाच्या आवर्तनासारखेच वाटले.

2017 च्या 3 डिसेंबरला दत्तजयंती होती. पौर्णिमेचा चंद्र त्या दिवशी पृथ्वीच्या फार जवळ असल्याने नेहमीपेक्षा मोठा, आणि भरती अर्थातच उधाणाची. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ दाटलेले, थंडी कुठच्या कुठे पळालेली. नाखवा ओटीवर बसले होते.

"आज नाय जायाचं, मास्तर. वारा बरा नाय."

मी मनात हिशेब केला. प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊणला. ओहोटी साडेसहाची. नऊपर्यंत काय धोका? मासे नकोत, नातवाला तिसऱ्या तरी गोळा करून आणू. तो नऊ वर्षांचा, बादली घेऊन केव्हाच तयार! आम्ही खाडीच्या तोंडाच्या बाजूला दूरवर गेलो. बादली निम्मी भरली. साडेआठच्या सुमारास तो म्हणाला, "आजोबा, आपण आलो तेव्हा हे पाणी नव्हतं ना?"

समोरचा समुद्र होता तिथेच होता. पाणी आले होते पाठीमागून. पुळण वरवर सपाट दिसते, पण तिच्यात खोलगट वाटा असतात आणि भरती आधी त्यांतून शिरते. मी त्यात पाय टाकला, तो मांडीपर्यंत गेलो. मुलाच्या ते छातीला लागले असते, आणि त्याला ओढ होती. मी त्याचे मनगट धरले. एवढे घट्ट, की संध्याकाळपर्यंत वळ होते.

किनाऱ्यावरून हाक आली. नाखवा सरळ आमच्याकडे न येता बरेच वर जाऊन, तिरके पाण्यात उतरले. तिथे वाळू टणक होती. त्यांनी पोराला खांद्यावर घेतले, मला मागून यायला खुणावले. बादली तिथेच राहिली. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. घरी मुलीने चहा दिला, पण माझ्याकडे पाहिले नाही.

त्या संध्याकाळी पाऊस आला. ओखी वादळ अरबी समुद्रातून वर सरकत होते. 5 तारखेला मुंबईतल्या शाळा बंद राहिल्या. त्याआधीच केरळ-तामिळनाडूच्या 68 होड्या आणि 952 माणसे वादळातून निसटून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला, देवगडला, लागली होती. दक्षिणेत कितीतरी होड्या परतल्याच नाहीत. नाखवा ती बातमी ऐकत हात थांबवून बसले होते.

पुढे मी याविषयी वाचले. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राचे पाणी साधारण एक सेंटिमीटरने चढते. किनाऱ्याकडे वाहणारा वारा त्याला आणखी रेटतो. पण खरे सांगायचे तर त्या सकाळी दोष वाऱ्यावर ढकलायला नको. पाऊणपट सांगते ती भरती पुरी होण्याची वेळ. परतीची वाट कधी बुडेल, हे मी तिला विचारलेच नव्हते.

जानेवारीत एका पहाटे खिडकीवर टकटक झाली. "चला मास्तर, वारा जमिनीवरचा हाय." गारठा असा होता, की हात कानांवरून निघेनात. बोयचे पाच मासे मिळाले. नातू उठून दारापर्यंत आला होता, पण मुलीने त्याला अजून सोडले नव्हते.