परदेशातील घर आणि भाड्याचा हिशेब

आपल्या सभासदांच्या कुटुंबांतून अनेक जण आखातात नोकरीस गेले आणि काहींनी तेथे कष्टाच्या पैशातून लहानसे घरही घेतले. दुबईत ठरावीक भागांत परदेशी माणसास पूर्ण मालकीने घर घेण्याची वाट 2002 मध्ये खुली झाली. पुढे नोकरी संपते, माणूस भोपाळास परततो; घर मात्र तेथेच राहते व सुटीसाठी येणाऱ्या प्रवाशांना भाड्याने दिले जाते.

असेच परतलेले कोहेफिजातील आमचे एक स्नेही आम्हांस म्हणाले, "मास्तरसाहेब, दुबईत भाड्यावर प्राप्तिकर नाही, मग इथे कसला?" आम्ही पडलो शिक्षक, कर-सल्लागार नव्हे. तरी कागद घेऊन बसलो. जे उमगले ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो. परवाना, कर आणि माहिती देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पुरी केली म्हणून दुसरी सुटत नाही.

पहिली गोष्ट परवान्याची. दुबईत वर्षाच्या कराराने भाडेकरू ठेवणे निराळे आणि चार रात्रींसाठी प्रवासी ठेवणे निराळे. दुसऱ्या प्रकाराला 2013 च्या फर्मानानुसार तेथील पर्यटन खात्याचा परवाना लागतो, पाहुण्यांची नोंद करावी लागते आणि पर्यटन-शुल्क भरावे लागते. प्रत्येक शहराची रीत निराळी. लंडनमध्ये संपूर्ण घर अशा रीतीने वर्षातून 90 रात्रींपर्यंतच देता येते. त्याहून अधिक द्यावयाचे तर स्थानिक मंडळाची वेगळी परवानगी हवी.

दुसरी गोष्ट घर बाळगण्याची. परदेशात राहत असताना घेतलेले घर परत आल्यावरही ठेवण्यास व त्याचे भाडे घेण्यास आपला परकीय चलनाचा 1999 चा कायदा मुभा देतो. तेथील रहिवाशाकडून वारशाने आलेल्या घरासही तीच मुभा आहे. आमच्या स्नेह्यांची गफलत येथेच झाली. बाळगण्याची मुभा म्हणजे करमाफी, असे ते समजून बसले होते.

आता कर. पुष्कळ वर्षे बाहेर राहून परतलेल्यास प्रारंभी साधारण दोन-तीन वर्षे सवलतीचा दर्जा मिळू शकतो. त्या काळात परदेशातच जमा झालेले भाडे येथे करपात्र नसते. तो दर्जा संपला की जगात कोठेही मिळालेले उत्पन्न येथे मोजले जाते. साधे घरभाडे असेल तर हिशेब सोपा आहे. समजा, वर्षाचे भाडे 10 लाख रुपये आले. त्यातून मालकाने तेथे भरलेला स्थानिक घरकर वजा करावा. तो नसेल तर दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट 30 टक्के, म्हणजे 3 लाख वजा जाऊन 7 लाख उत्पन्न धरले जाते. दलालाचे कमिशन वेगळे वजा होत नाही. घरकर्जाचे व्याज असल्यास त्याची वजावट नियमानुसार मिळते. ब्रिटनसारख्या देशात तेथे कर भरला असेल, तर पुरावा जोडून येथील करातून त्याची वळती मागता येते. दुबईत प्राप्तिकर भरलेलाच नाही, तेव्हा वळती कशाची मागणार?

शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट माहितीची. सवलतीचा दर्जा संपल्यावर, घर रिकामे असले आणि भाड्याचा एक दिरहमही आला नसला, तरी विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते घर दाखवावे लागते. न दाखविल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेस या दंडातून सूट मिळाली, पण घर-जमिनीस ती लागू नाही. शिवाय भाडे ज्या खात्यात जमा होते, त्या बँकखात्यांची माहिती देशादेशांत आपोआप पोहोचते. भारत 2017 पासून या व्यवस्थेत आहे.

आमच्या स्नेह्यांनी अखेर जाणकार सनदी लेखापालाचा सल्ला घेतला. आमची विनंती एवढीच : मालकीपत्र, परवाना, भाड्याच्या पावत्या आणि बँकेचे उतारे एका फाईलीत ठेवा आणि ती फाईल घरच्या मंडळींना दाखवा. बाप गेल्यावर मुलांच्या हाती नुसती किल्ली राहू नये. त्या घराचा सरळ हिशेबही राहावा.