पन्नास डॉलरचा धिंगाणा

९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी टीव्हीवर बीटल्स पाहिले आणि गावोगावच्या पोरांना गिटारचं वेड लागलं. घरात आईबाप कावायचे, म्हणून तालीम मोटारीच्या गॅरेजात. कॉर्ड तीन, अ‍ॅम्प उसना, आत्मविश्वास मात्र उदंड! चार पैसे जमले की जवळच्या स्टुडिओत जाऊन एक गाणं ठोकायचं, सात इंची तबकडीच्या काही शे प्रती काढायच्या आणि शाळेच्या नाचगाण्यात खपवायच्या. वर्ष-दोन वर्षांत कुणी कॉलेजात, कुणी व्हिएतनामला, बँड खलास. उरलेल्या तबकड्या तळघरात. संग्राहक आज जिवाचं रान करतात ते याच तबकड्यांसाठी. म्हणजे तेव्हा जितकी कमी खपली, तितकी आज महाग!

या गॅरेजवाल्या बँडांच्या पंथाचं आद्यदैवत मात्र तुफान खपलं. पोर्टलंडच्या ‘द किंग्समेन’नी एप्रिल १९६३ मध्ये जेमतेम ५० डॉलरात ‘लुई लुई’ ध्वनिमुद्रित केलं. गायक जॅक इलीच्या दातांना तारा होत्या आणि मायक टांगलेला होता उंचावर, त्यामुळे एक शब्द कळेल तर शपथ. शब्द कळत नाहीत म्हणजे ते अश्लीलच असणार, असं पालकांनी ठरवून टाकलं. तक्रारी थेट एफबीआयपर्यंत गेल्या. तपासखात्याच्या प्रयोगशाळेत तबकडी कमी-जास्त वेगाने फिरवून ऐकली गेली, आणि निष्कर्ष निघाला की कुठल्याही वेगाने यातलं काही समजत नाही. गंमत पुढेच आहे. सुमारे ५४ व्या सेकंदाला मागून ड्रमरची एक सणसणीत शिवी ऐकू येते, असं चाहते सांगतात. तिच्याकडे साहेबांचं लक्षच गेलं नाही!

मॅसॅच्युसेट्सच्या ‘द बार्बेरियन्स’चा ड्रमर मोल्टी एका हाताने काठी धरायचा आणि दुसरी काठी लोखंडी आकड्यात अडकवायचा. लहानपणी घरगुती स्फोटकाच्या उद्योगात त्याचा हात गेला होता. १९६६ साली त्याच्याच कहाणीवर ‘मोल्टी’ नावाचं सिंगल निघालं. त्यात मागे वाजवणारे लोक पुढे ‘द बँड’ म्हणून जगभर गाजले.

मिशिगनमधल्या मेक्सिकन शेतमजुरांच्या पोरांनी काढलेल्या बँडचा गायक तर स्वतःचं नाव नुसतं ‘?’ असं लावतो. डोळ्यांवर कायम काळा चष्मा, आणि आपण मंगळावरून आलो असा दावा. हसू नका. त्यांचं ‘९६ टिअर्स’ आधी पा-गो-गो नावाच्या चिमुकल्या स्थानिक लेबलवर निघालं आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ पा-गो-गो प्रत दिसली की संग्राहकाचा हात थरथरतो.

मुरलेला संग्राहक तबकडी आधी ऐकत नाही, उजेडात तिरकी धरतो. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर, म्हणजे ‘डेड वॅक्स’वर, बारीक आकडे कोरलेले असतात. त्यांवरून कारखाना आणि साल यांचा माग लागतो. सिनसिनाटीच्या ‘राइट रेकॉर्ड्स’ने असल्या हौशी बँडांच्या तबकड्या भरपूर काढल्या; तिथले नंबर ही या मंडळींची पंजिका. दुसरा नियम असा की बी साइड आधी लावा. ए साइडवर बहुधा रेडिओला रुचेल असं गुळमट प्रेमगीत, खरा धुडगूस मागच्या बाजूला.

१९७२ साली लेनी के नावाच्या संगीतवेड्याने अशी २७ गाणी वेचून ‘नगेट्स’ हा दुहेरी अल्बम काढला आणि या छंदाला पोथी मिळाली. पुढे ‘पेबल्स’सारखे संग्रह निघाले आणि खोदकामाला ऊत आला.

आपल्याकडेही पोरं गप्प बसली नव्हती. इम्पीरियल टोबॅकोच्या सिमला सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ स्पर्धा भरायची, आणि रॉक बँड दणाणायचे ते चक्क मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात! १९७० आणि १९७१ च्या स्पर्धकांचे दोन एलपी निघाले. सिंगल्स नव्हेत, पण मूळ प्रतींवर आज परदेशी संग्राहकही टपलेले असतात. त्यांतली सिगारेटची धून वाजवणारा ‘द फेनटोन्स’ हा बँड होता शिलाँगचा.