छत्रपती आणि क्षत्रप : सारख्या आवाजाचे दोन शब्द

जोगेश्वरीहून हार्बरची सीएसएमटी लोकल पकडली की स्टेशनच्या नावातच एक शब्द रोज भेटतो : छत्रपती. पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने गाडीत विचारलं, "दादा, हा शब्द आला कुठून?" मी विज्ञानाचा विद्यार्थी, तरी ठोकून दिलं, "क्षत्रपवरून असणार." घरी येऊन तपासलं आणि उत्तर चुकलं हे कळलं. कसं तपासलं, तेच आज सांगतो.

1. फोड करा. छत्र + पती. 'छद्' म्हणजे झाकणे. आपली छत्रीही त्याच धातूची. डोक्यावरचं छत्र ही राजेपणाची खूण, म्हणून छत्राचा धनी तो छत्रपती. क्षत्रप मात्र प्राचीन इराणी शब्दावरून आला. त्यातल्या 'क्षत्र'चा अर्थ राज्य, सत्ता. ते राखणारा, म्हणजे सम्राटाचा प्रांताधिकारी, तो क्षत्रप. प्राकृतात 'क्ष'चा कधी 'ख' तर कधी 'छ' होतो, म्हणून माझ्यासारखा माणूस फसतो.

2. पुरावा पाहा. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात नहपान राजाला 'महाखतप', म्हणजे महाक्षत्रप, म्हटलंय. त्याच जुन्नरजवळ शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला. शिवराई नाण्याच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला स्पष्ट 'छत्रपति' आहे. गाव जवळचं, पण काळात दीड हजार वर्षांचं अंतर. नुसत्या आवाजाच्या जोरावर ते ओलांडता येत नाही.

3. वापर तपासा. क्षत्रप मुळात कुणाच्या तरी हाताखालचा. नहपानाने स्वतःच्या नावाची नाणी पाडली, तरी शिलालेखात तो महाक्षत्रपच आहे. आजही बातम्यांत 'प्रादेशिक क्षत्रप' असतात. छत्रपतीच्या वर मात्र दुसरा धनी नाही. महाराज कुणाचे जहागीरदार नाहीत, स्वतंत्र राजे आहेत, हे जाहीर करणं हाच तर राज्याभिषेकाचा मुद्दा होता. माझ्या चुकीच्या व्युत्पत्तीने नेमका तोच पुसला जात होता.

पण फक्त व्युत्पत्तीवरही थांबू नका. पेशवाईत कारभार पुण्यातून चालायचा आणि छत्रपती साताऱ्याच्या गादीवर असायचे. कोल्हापूरची गादी वेगळी. शब्द तोच, त्यामागची प्रत्यक्ष सत्ता बदललेली. म्हणून शब्द कोणत्या सालातला, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ज्युनिअरला सांगितलं, "काल मी चुकलो." तो हसला. म्हणाला, "मी तर वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं!" संशोधनात चुका अशाच पसरतात. एक जण अंदाजाने बोलतो, दुसरा ते उतरवून घेतो. तुमच्या वहीतलं असं एखादं वाक्य काढा आणि आज या तीन प्रश्नांवर घासून बघा.