श्रमदान कोणाचे आणि पाणी कोणाच्या विहिरीत?

मागच्या उन्हाळ्यात एका गावच्या ग्रामसभेला हजर होतो. गावाचे नाव सांगत नाही, आपल्या जिल्ह्यात अशी गावे पुष्कळ. विषय होता माथ्यावर सलग समतल चर खोदण्याचा. चार जाणत्यांनी ठराव मांडला : घरटी एक माणूस, आठवड्यातून एक दिवस फुकट काम. जो येणार नाही त्याला ग्रामपंचायतीचा दाखला नाही, घरकुलाच्या यादीत नाव नाही. टाळ्या पडल्या. खरे सांगायचे तर मीही वाजवल्या.

तेवढ्यात मागून एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, मला गुंठाभर रान नाही. चर खांदायला येते, पण मुरलेलं पानी कोणाच्या हिरीत जायचं? आन् त्या दिवसाचा रोज बुडला तर चूल कशावर पेटवू?"

सभा गप्प झाली. उत्तर माझ्याकडेही नव्हते. त्याच उत्तराच्या शोधात हा लेख लिहायला घेतला.

श्रमदानाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही आपल्याच जिल्ह्याची गावे. तिथली हिरवळ लोकांच्या घामातून आली. 1992 साली आदर्श गाव योजना सुरू झाली तेव्हा पंचसूत्रीत चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी यांच्याबरोबर श्रमदानही आले. 2016 ते 2019 या काळात वॉटर कप स्पर्धेसाठी लोकांनी रात्री उजेड लावून माती उचलली. पण हौसेने दिलेला दिवस वेगळा आणि दाखला अडवून घेतलेला दिवस वेगळा. दुसऱ्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, वेठ. गावकीची फुकटची कामे ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारली गेली त्यांच्या घरात तो शब्द अजून विसरलेला नाही. घटनेच्या 23 व्या कलमाने वेठीला बंदी घातली आहे.

"सरकारचा फायदा हवा तर थोडे काम केले म्हणून काय बिघडले?" असे पारावर हमखास ऐकू येते. काम करायला गरीब कधी नाही म्हणाला? 1972 च्या दुष्काळात आपल्याकडची माणसे खडी फोडायला, पाझर तलावावर, नाला बांधावर गेली. लोकांनी भीक मागितली नाही, काम मागितले. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, 1977 साली तिचा कायदा झाला. त्याची मेख नीट समजून घ्या : हात रिकामे असतील तर सरकारने काम द्यायचे, कामाचा दाम द्यायचा, आणि 15 दिवसांत काम देता आले नाही तर बेकारभत्ता द्यायचा. चूक सरकारची, भत्ताही सरकारच्या खिशातून. हा भत्ता मिळवायचा म्हणून आधी फुकट राबा, अशी अट त्यात कुठेच नव्हती. केंद्राच्या 2005 च्या कायद्यातही 15 दिवसांचे तेच कलम आले. (भत्ता हातात पडलेला माणूस शोधायला गेलो तर चप्पल झिजेल, तो भाग वेगळा.)

राजस्थानात दुष्काळी कामावर किमान वेतनापेक्षा कमी पैसे दिले जात होते. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले. सरकार मदत करते आहे म्हणून मजुरी कमी देता येत नाही, असा त्याचा अर्थ. मग अजिबात न देणे कशात बसेल?

आता मावशींचा दुसरा प्रश्न, पाण्याचा. माथ्यावर चर खोदला की पायथ्याच्या विहिरीची पातळी वाढते. विहीर ज्याची, कांदा त्याचा, ऊसही त्याचाच. भूमिहीनाला पुढे खुरपणीला चार दिवस जास्त मिळतील, हे खरे, पण तेवढ्यावर त्याचा वाटा संपवायचा का? इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात याचा विचार झाला होता. तिथे अकुशल मजुरीचा काही हिस्सा गावाने श्रमदानाने द्यायचा असे, पण भूमिहीन आणि एकट्या बाईच्या संसाराला त्यातून सूट होती. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत त्याहून पुढे गेली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटले : माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, आणि ऊस बंद.

म्हणून ठराव करताना एवढे बघा. श्रमदानाचे दिवस घरटी धरू नका, एकरावर धरा. पायथ्याला पाच एकर बागायत असलेल्याने जास्त दिवस द्यावेत. स्वतः येणे जमत नसेल तर बदली मजूर रोजावर लावावा. भूमिहीनाला खोदाईला बोलवायचे तर रोजगार हमीच्या हजेरीपटावर नाव घालून बोलवा. तलावातली मासळी, राखलेल्या रानातले गवत यात पहिला हक्क त्याचा ठेवा. आणि दाखला अडवण्याचे कलम ठरावातून खोडा, ते कायद्यापुढे टिकणारे नाही. मजूर बंधुभगिनींनी कामाची मागणी लेखी द्यावी आणि तारखेची पोच हातात घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या पायऱ्या उतरू नयेत. पोच नसेल तर 15 दिवस मोजायचे कुठून?

त्या गावचा ठराव तेव्हा पुढच्या सभेवर ढकलला. दोन बागायतदार माझ्यावर रागावले आहेत, चहालाही बोलवत नाहीत. पुढच्या सभेला गटवार नकाशा आणि विहिरींची यादी घेऊन जाणार आहे. मावशींनाही निरोप धाडला आहे, पण त्या दिवशी कांदा काढणीचा रोज असेल तर त्यांचे येणे होईलच असे नाही.