संपादनासाठी लॅपटॉपची निवड

इ. स. १९८१ मध्ये अमेरिकेत ऑस्बॉर्न-१ नावाचा संगणक विक्रीस आला. तो हाताने उचलून कोठेही नेता येतो, अशी त्याची ख्याती होती. त्याचे वजन सुमारे ११ किलोग्रॅम होते, पडदा अवघा ५ इंचांचा होता, आणि आत बॅटरी नसल्यामुळे जेथे वीज असेल तेथेच तो चाले. आज छायाचित्रकार सव्वा किलोचा लॅपटॉप पिशवीत घालून लग्नघरी जातो आणि सकाळच्या विधींचे चित्रण संध्याकाळी पाहुण्यांना दाखवतो. वजन घटले, यात शंका नाही. मात्र त्याची किंमत यंत्राच्या कोणत्या भागाने मोजली, हे दुकानातील माहितीपत्रकावरून सहसा कळत नाही.

संपादनाचे काम संगणकाकडून नेमके काय मागते, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. ज्याला ४के म्हणतात त्या व्हिडिओची एक चौकट ३,८४० बाय २,१६० पिक्सेलची, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेलची असते. प्रत्येक पिक्सेलला तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांसाठी एकेक बाइट धरला, तर एक चौकट जवळजवळ २५ मेगाबाइटची होते. सेकंदाला २५ चौकटी या गतीने एका मिनिटास सुमारे ३७ गिगाबाइट लागतील. कॅमेऱ्यातील कार्डाला हा भार पेलणे कठीण. म्हणून कॅमेरा काटकसर करतो. सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट या प्रमाणात नोंद करणारा कॅमेरा मूळ माहितीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शावर आपले काम भागवतो.

ही काटकसर कशी साधते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच.२६४ आणि तिच्यानंतर २०१३ मध्ये आलेली एच.२६५ या पद्धतींत काही काही चौकटींनंतर एखादीच चौकट पूर्ण नोंदली जाते. मधल्या चौकटींत जे बदलले तेवढेच टिपले जाते. नवरदेवाचा हात हलला आणि पाठीमागचा मांडव तसाच राहिला, तर मांडव पुन्हा नोंदण्याचे प्रयोजन उरत नाही. केवळ पाहणाऱ्यास याची झळ लागत नाही, कारण तो एकाच दिशेने पुढे जात असतो. संपादक मात्र थांबतो, मागे येतो, नेमक्या अकराव्या चौकटीवर कात्री लावू पाहतो. आणि ती चौकट तयार रूपात कोठेच नसते. संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपर्यंत जाऊन तेथून ती नव्याने घडवावी लागते. चित्र अडखळते ते येथे.

हे उलगडण्याचे काम करण्यासाठी अलीकडच्या प्रोसेसरांत वेगळा भागच असतो. परंतु तो प्रत्येक प्रकारची फाइल उलगडतोच असे नाही. अनेक कॅमेरे आता ज्यात रंगांची अधिक माहिती राहते असे दहा बिटांचे ४:२:२ प्रकारचे चित्रण करतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ते उलगडण्याची सोय २०२५ मधील ५० मालिकेपासून आली. इंटेलच्या काही प्रोसेसरांत आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपांत ती त्यापूर्वीच होती. त्यामुळे जुन्या मालिकेतील महागड्या कार्डाचा जाडजूड लॅपटॉप अडखळावा आणि त्याच्या निम्म्या वजनाचा सुरळीत चालावा, असा विपरीत अनुभव येऊ शकतो. तेव्हा प्रथम आपला कॅमेरा कोणती फाइल देतो हे पाहावे, यंत्राचा विचार त्यानंतर करावा.

यानंतरचा प्रश्न उष्णतेचा. प्रोसेसर जितकी वीज घेतो, तितकी बहुतेक सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. आणि सडपातळ यंत्रात तिला वाट मिळत नाही. तापमान मर्यादेपलीकडे जाऊ लागले की यंत्र स्वतःच आपला वेग उतरवते. माहितीपत्रकातील वेग हा बहुधा पहिल्या काही क्षणांचा असतो. छायाचित्रांचे काम थांबत थांबत चालते. एक बदल केला की संपादक ते न्याहाळतो, तोवर यंत्र निवते. म्हणून २०२० अखेरपासूनच्या मॅकबुक एअरसारखे बिनपंख्याचे यंत्र त्यास पुरते. अर्ध्या तासाची चित्रफीत तयार करून काढताना मात्र उसंत नसते. तेथे पंखा हवा. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालच्या हवेचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सियस असावे, असे सांगते. लग्नसराईच्या वैशाखात नागपूर किंवा जयपूर येथील मांडवामागची खोली ही अट पाळत नाही. बॅटरीविषयीही आशा बेताचीच ठेवावी. विमानात विनापरवानगी नेता येणारी बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंतच असते, आणि पूर्ण जोराने १०० वॉट ओढणारे यंत्र ती तासाभरात रिकामी करील.

कार्यकारी स्मृती, जिला दुकानदार रॅम म्हणतात, ती पातळ लॅपटॉपांत बहुधा मुख्य पाटीवर कायमची डकवलेली असते; पुढे वाढवू म्हटले तर वाढवता येत नाही. छायाचित्रांसाठी १६ आणि व्हिडिओसाठी ३२ गिगाबाइट, हा अंदाज खरेदीच्या वेळीच बांधावा. साठवणुकीची तितकी चिंता नको. ती बाहेरून जोडता येते, आणि चित्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी झाल्याखेरीज कॅमेऱ्याचे कार्ड पुसायचे नसल्यामुळे बाहेरची डिस्क तशीही लागतेच.

आता पडदा. यंत्र मंद असेल तर मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती करून त्यांवर कापाकापी करण्याची प्रॉक्सी नावाची सोय संपादनाच्या बहुतेक प्रणालींत आहे. वेळ जातो, पण काम बिघडत नाही. पडदा खोटा असेल तर प्रवासात त्याला असा पर्याय नाही. स्वस्त लॅपटॉपांचे कित्येक पडदे ४५ टक्के एनटीएससी या मापाचे असतात. म्हणजे एसआरजीबी या सर्वसामान्य प्रमाण रंगपटातील सुमारे ६० ते ६५ टक्केच रंग ते दाखवू शकतात. यात पहिला बळी जातो गडद रंगांचा. आणि भारतीय विवाहात तर शालू, कुंकू, हळद, झेंडू असे गडद रंगच सर्वत्र. अशा पडद्यावर तांबडा शालू विटकरी दिसतो. संपादक त्याला उठाव देण्यासाठी रंग चढवतो, समाधानाने फाइल छपाईस पाठवतो. आणि अल्बम हाती येतो तेव्हा शालूच्या जागी निऱ्या नाहीशा झालेला एक लालभडक पट्टा असतो. चूक छापखान्याची नसते, पण वधूपित्यापुढे उत्तर द्यावे लागते छायाचित्रकाराला. पुन्हा छापण्याचा खर्चही त्याच्याच माथी येतो.

म्हणून एसआरजीबीचे सर्व रंग दाखवणारा आणि बाजूने पाहिल्यास रंग न बदलणारा आयपीएस अथवा ओलेड पडदाच घ्यावा, आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी तो सौदा फायद्याचा मानावा. रंगांचे अखेरचे काम घरी परतून मोठ्या मॉनिटरवर करणाऱ्याने मात्र लॅपटॉपच्या पडद्यावर फार पैसा घालवू नये. पडदा चांगला असला तरी काळाने त्याचे रंग ढळतात. रंगमापक यंत्र पडद्यावर टेकवून ते अधूनमधून तपासावे लागतात.

दुकानात जाताना स्वतः काढलेले एक छायाचित्र व त्याची उत्तम छापील प्रत सोबत न्यावी. त्यात तांबड्याच्या दोन जवळच्या छटा असाव्यात, जसे शालू आणि त्याचा डाळिंबी काठ. कागदावर वेगळ्या दिसणाऱ्या त्या छटा पडद्यावर एकमेकींत मिसळत असतील, तर पुढची चौकशी करण्याचे कारण नाही. त्या वेगळ्या दिसल्या तर आपल्याच कॅमेऱ्यातील पाच मिनिटांचे चित्रण त्या यंत्रावर लागोपाठ तीनदा तयार करवून घ्यावे व प्रत्येक वेळी घड्याळ पाहावे. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेतील अंतर यंत्र तापल्यावर किती मंदावते ते सांगेल. दुकानदार या गोष्टीस सहजी राजी होणार नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा जावे.